ओल्या वाळूवरची टाप

अलिबागला ओहोटी लागली की कुलाबा किल्ल्याकडे जाणाऱ्या घोडागाड्या पाण्याने नुकत्याच मोकळ्या केलेल्या घट्ट वाळूवरून निघतात. घोड्याचे पाय निरखायला ही जागा फार चांगली, कारण टाप कशी पडली याचा ठसा तिथे मागे उरतो.

पुढच्या पायातील ज्या सांध्याला आपण गुडघा म्हणतो, तो शरीररचनेच्या दृष्टीने घोड्याचे मनगट आहे. मागच्या पायात मागे टोक काढून दिसणारा सांधा ही त्याची टाच, आणि खरा गुडघा त्याहून बराच वर, पोटालगत असतो. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच, मधल्या बोटाच्या टोकावर उभा असतो आणि खूर हे त्याच बोटाचे नख. अंगणातला कुत्रा मात्र चार बोटांवर भार देतो, आणि त्या बोटांखालच्या मऊ गाद्या धक्का झेलतात.

मनगटाच्या आणि टाचेच्या खाली घोड्याच्या पायात स्नायू जवळजवळ नसतातच. वरच्या स्नायूंची ओढ लांब कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, खुरापर्यंत पोहोचवतात. धावताना त्या ताणल्या जातात, पुन्हा आखडतात आणि प्रत्येक पावलाला खर्च झालेल्या शक्तीचा काही भाग परत देतात. पाय खाली हलका राहिल्याने वेगही मिळतो. पण कंडरेला रक्तपुरवठा कमी असल्याने तिची इजा भरून यायला महिने लागतात. कोरड्या, भुसभुशीत पुळणीत खूर रुततो, स्नायू लवकर थकतात आणि मग जादा ताण कंडरांवर येतो. म्हणून पर्यटकांना घेऊन घोडा पळवायचाच असेल, तर तो ओलसर, घट्ट पट्ट्यावरच पळवावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. हे पाय धडाला हाडांच्या सांध्याने जोडलेलेच नसतात. घोड्याला गळपट्टीचे हाड नाही, त्यामुळे छाती दोन्ही खांद्यांमध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. कुत्र्यातही रचना अशीच आहे. समोरून पाहताना खांद्याच्या टोकापासून सोडलेला ओळंबा पायाच्या मधोमध उतरला, तर भार सांध्यांवर सारखा वाटला जातो. पाय आत किंवा बाहेर वळलेला असेल, तर सांध्याची एकच बाजू झिजत राहते. कुत्र्यात दुखणे पुष्कळदा मागच्या गुडघ्यातील अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, तुटल्यामुळे उद्भवते, आणि अंगाने सुटलेल्या कुत्र्यात त्याचा धोका वाढतो.

लंगडेपणा ओळखण्यासाठी जनावराला सैल दोरीने दुडक्या चालीत सरळ चालवावे. पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकताच डोके वर उचलले जाते आणि निरोगी पायावर ते खाली येते. कुत्र्यालाही हीच खूण लागू पडते. कोकणातल्या पावसाळ्यात यापूर्वीच खूर उचलून पाहणे बरे. सतत ओल आणि चिखल राहिला की तळव्यातील रबरासारखा त्रिकोणी भाग कुजू लागतो, त्याला घाण वास येतो, आणि घोडा लंगडण्याच्या कितीतरी आधी हा वास खूर साफ करणाऱ्या माणसाला कळतो.