गरीब झॉम्बी कॉमेडी आणि गरिबीचं सोंग

कुणी म्हटलं की कमी बजेटची एखादी झॉम्बी कॉमेडी सुचवा, तर कुणीतरी ठेवणीतलं वाक्य काढतंच, "हा बघ, इतका भंगार आहे ना की मजा येते". आणि त्याच यादीत चार ओळी खाली 'वन कट ऑफ द डेड' या जपानी पिक्चरचं नाव असतं आणि कौतुकही तेच, भंगार आहे पण धमाल आहे. हे वाचून वाचून खरंच कंटाळा आलाय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत राव या, कमी पैशात केलेला पिक्चर वेगळा आणि मुद्दाम भंगार केलेला वेगळा, आणि दोघांना एका पोत्यात कोंबलं की नुकसान पहिल्याचं होतं.

सोयीसाठी पहिल्याला गरीब म्हणू आणि दुसऱ्याला सोंगी. सोंगी प्रकार तुम्हाला पाठ आहे त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. नावातच कोटी, पोस्टरवर चेनसॉ, रबराचा तुटका हात, ट्रेलरमध्येच संपलेले तिन्ही जोक आणि "आम्हाला माहितीये आम्ही वाईट आहोत" असा सगळ्यांच्या चेहऱ्यावर भाव. क्लिप्स बघितल्यात, फॉरवर्ड केल्यात, पूर्ण पिक्चर बहुधा कुणीच बघितलेला नाही.

किरकोळ फरकांवरूनच भांडणं जास्त होतात, ती आधी उरकून टाकतो. झॉम्बी पळतात की रखडत चालतात याने काहीही ठरत नाही. रक्त किती सांडतं यानेही नाही. मेंदू खाण्याचं म्हणाल तर ते झॉम्बी पिक्चरचा बाप मानल्या जाणाऱ्या दिग्दर्शक रोमेरोचं नाहीच, ती भानगड १९८५ च्या 'द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड'पासून सुरू झाली, रोमेरोचे झॉम्बी माणसाचं काहीही खातात, मेंदूचा हट्ट नाही. आणि ज्याच्या अंगात सैतान शिरलाय तो झॉम्बी नव्हे, पण ते जाऊ दे, तो वाद कधीच संपणार नाही.

एक मात्र नीट बघायला हवं, गरीब लोक झॉम्बीकडेच का वळतात. १९६८ साली जॉर्ज रोमेरोने 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' केला तो साधारण १ लाख १४ हजार डॉलरमध्ये. एक घर, रात्र, ब्लॅक अँड व्हाइट फिल्म आणि रक्त म्हणून चॉकलेट सिरप, कारण रंगच दिसणार नाही तर लाल कशाला हवं. त्यात वितरकांनी ऐनवेळी पिक्चरचं नाव बदललं आणि नव्या टायटलवर कॉपीराइटची ओळ टाकायचीच राहून गेली, त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात एवढं पुरेसं होतं, पिक्चर सरळ सार्वजनिक मालकीचा झाला. बिचाऱ्या रोमेरोचं नुकसान झालं पण मागून येणाऱ्यांना विनामालकाचा राक्षस मिळाला. हक्क विकत घ्यायला नकोत, सूट शिवायला नको, मित्रांना बोलवा, चेहऱ्याला राखाडी रंग फासा, पाय ओढत चालायला सांगा, झालं. अभिनय येत नसला तरी चालतो, उलट न येणाराच बरा. दुसऱ्या कुठल्या प्रकारात ही सोय आहे? कोर्टाचा पिक्चर असला तर चाळीस मित्र न्यायाधीश म्हणून नाही बसवता येत.

म्हणजे स्वस्ताई या प्रकाराच्या जन्मापासूनची आहे, ती दोष पण नाही आणि गुण पण नाही. इथेच लोकांचा घोळ होतो. दोन्ही पिक्चर दिसायला स्वस्तच, त्यामुळे वाटतं की दोन्हींची मजा एकाच जागेतून येते. तसं नसतं. गरीब पिक्चरमध्ये पैसे नसतात पण गोष्टीवर विश्वास असतो, आतल्या माणसांना आपण विनोदी पिक्चरमध्ये आहोत हे माहीतच नसतं, त्यांच्यासाठी दाराबाहेर खरोखर मेलेली माणसं उभी आहेत आणि आपल्याला हसू येतं ते त्या माणसांच्या स्वभावामुळे, की जग बुडतंय आणि हे दोघं अजून जुन्याच भांडणावर अडकलेत. सोंगी पिक्चरमध्ये आतल्या प्रत्येकाला माहितीये की हा पिक्चर आहे. तो आपल्याला सतत डोळा मारत असतो. आणि ज्याला स्वतःच्याच मरणाचं काही वाटत नाही त्याच्यासाठी आपण का घाबरायचं, आणि भीती नसली तर हसायचं तरी कशावर?

ओळखायचं कसं, तर चावल्याचा सीन बघा. प्रत्येक झॉम्बी पिक्चरमध्ये तो असतोच, आपल्यातलं कुणीतरी चावलं गेलंय, लपवतंय, आता काय करायचं. 'शॉन ऑफ द डेड' (२००४) आठवा. तो काही कंगाल पिक्चर नाही, चांगले काही मिलियन पौंड लागलेत, पण उदाहरण म्हणून याच्याएवढा स्वच्छ सीन दुसरा नाही. तासभर आपण खदखदून हसतोय, आणि मग कळतं की शॉनची आई चावली गेलीये आणि तिने ते कुणाला सांगितलं नाही कारण तिला उगाच कुणाला त्रास द्यायचा नव्हता. पुढे शॉनला जे करावं लागतं तिथे दिग्दर्शक एडगर राइट एकही जोक घालत नाही. खोलीतली माणसं भांडतात, रडतात, आणि आपण जिला इतका वेळ गंमतीदार भोळी बाई समजत होतो ती एकदम कुणाची तरी आई होते. त्यानंतर पिक्चर पुन्हा हसवतो, आणि ते हसू आधीपेक्षा जास्त येतं, कारण आता माहितीये की इथे माणूस मेला की मरतो.

हाच सीन सोंगी पिक्चरमध्ये कसा असतो? चावलेला मित्र स्वतःच एक पंचलाइन मारतो, दुसरा त्याचं डोकं फोडतो आणि पुढच्या मिनिटाला कुणालाही तो आठवत नाही. मग विचारलं की असं का, तर उत्तर तयार, "अरे तो बी-ग्रेडच आहे, मुद्दामच तसा आहे". नाचता येईना अंगण वाकडं हे आपण ऐकलंय, हे लोक तर सांगतात की अंगण आम्ही मुद्दाम वाकडं बांधून घेतलं. सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं आणता येत नाही असं म्हणतात ते खरं, पण गरिबीचं सोंग मात्र आरामात आणता येतं आणि ते फार किफायतशीर पडतं, कारण मग स्क्रिप्टवर मेहनत घ्यायची नाही, लाइटिंगवर घ्यायची नाही, आणि कुणी नावं ठेवली तर त्यालाच विनोद कळत नाही म्हणायचं.

आणि हे सोंग करायला गरीब असावंच लागतं असंही नाही. जिम जार्मुशचा 'द डेड डोन्ट डाय' (२०१९) घ्या, बिल मरे, अ‍ॅडम ड्रायव्हर, टिल्डा स्विंटन, एवढी तगडी मंडळी, आणि त्यात अ‍ॅडम ड्रायव्हरचा पोलीस सारखा म्हणत असतो की याचा शेवट वाईट होणार, आणि तुला कसं माहीत विचारल्यावर सांगतो की मी स्क्रिप्ट वाचलीये. काही लोकांना हा जोक फार आवडतो. मला त्या क्षणी पिक्चर बंद पडल्यासारखा वाटला. आधीच्या शांत, रेंगाळत्या विनोदावर माझा जीव जडायला लागला होता आणि एका वाक्यात तो सगळा फुकट गेला.

आता कुणी म्हणेल मग दिग्दर्शक एड वुडचं काय, त्याचा 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस' तर जगातला सर्वात वाईट पिक्चर म्हणून ओवाळला जातो आणि त्यातही मेलेले उठतात. हो, पण तो सोंगी नाहीच ना! त्यातला नट बेला लुगोसी १९५६ साली वारला, हातात त्याचं थोडंसं फुटेज होतं, तर वुडने त्याच्या जागी बायकोच्या कायरोप्रॅक्टरला, म्हणजे पाठीचे मणके बसवून देणाऱ्याला, उभा केला, तो उंचीला जास्त, चेहऱ्याने अजिबात न जुळणारा, म्हणून पूर्ण वेळ केप तोंडावर धरून फिरतो. हसू येतं, येणारच. पण त्या माणसाला खरंच वाटत होतं की हे जमून जाईल. तो डोळा मारत नव्हता. म्हणून साठ वर्षांवर झाली तरी लोक तो प्रेमाने बघतात, आणि त्याची नक्कल करून मुद्दाम हलणारी थडगी लावणारे पिक्चर वर्षभरात विसरले जातात.

आणि मग 'वन कट ऑफ द डेड'. शिनइचिरो उएदाचा २०१७ चा जपानी पिक्चर, बजेट साधारण ३० लाख येन, म्हणजे २५ हजार डॉलरच्या आसपास, नट बहुतेक सगळे अनोळखी, एका अभिनयाच्या वर्कशॉपमधले. कमाई ३ अब्ज येनच्या वर गेली, हजारपटीने. सुरुवातीला ३७ मिनिटांचा एकच सलग शॉट आहे आणि तो, खरं सांगतो, वाईट आहे. मधेच सगळे गप्प उभे राहतात, कुणीतरी विनाकारण स्वसंरक्षणाबद्दल बोलत बसतं, कॅमेरा एका जागी अडकून राहतो. सोंगी पिक्चरची सवय झालेला माणूस इथे टाळ्या वाजवतो, की वा काय भंगार आहे, आणि तिथेच त्याचं चुकतं, कारण उरलेला पिक्चर त्या प्रत्येक भंगार क्षणाचा हिशोब देतो. जास्त सांगत नाही, न बघितलेले माझा जीव घेतील. एवढंच की त्या विचित्र शांततेच्या पलीकडे कोण धावत होतं, कोण आजारी पडलं होतं, कोण कुणाला खांद्यावर घेऊन उभं होतं हे कळलं की आधी ज्यावर हसलो त्याचीच थोडी लाज वाटते आणि हसूही दुप्पट येतं. हा पिक्चर मुद्दाम वाईट आहे असं म्हणणं म्हणजे कोड्याचा प्रश्न वाचून उत्तर न बघता निघून जाणं.

जाता जाता माझं एक खास दुखणं, कॉम्प्युटरवर काढलेलं रक्त. गोळी लागली की हवेत लाल धुरळा उडतो आणि पुढच्या शॉटला शर्ट कोरा करकरीत! पीटर जॅक्सनने १९९२ च्या 'ब्रेनडेड'मध्ये शेवटच्या सीनला जवळजवळ ३०० लिटर नकली रक्त ओतलं असं सांगतात, गवत कापायचं यंत्र हातात धरून हिरो झॉम्बींच्या गर्दीत घुसतो, आणि तो अक्षरशः पाय घसरून पडतो कारण जमीन खरंच निसरडी झालीये. त्या पडण्यात जो विनोद आहे तो माउसने काढता येत नाही. साखरेच्या पाकात लाल रंग घातला तरी चालेल पण ओलं काहीतरी पाहिजे. यावर मी ऐकून घेणार नाही.

पण गरीब म्हणून सगळं माफ, असंही नाही हां. गरीब झॉम्बी कॉमेडीचे रोग मला तोंडपाठ आहेत. पहिला आवाज. चित्र धुरकट असलं तरी डोळे सवय करून घेतात, पण संवाद बादलीतून आल्यासारखे ऐकू येत असतील तर जोक मेलाच, कारण विनोदाचं टायमिंग शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर असतं आणि नेमकं तेच वाऱ्यात उडून गेलेलं असतं. कितीतरी चांगल्या लिहिलेल्या पिक्चरचा माइकने जीव घेतलाय. दुसरं म्हणजे मधला अर्धा तास. सुरुवातीला कल्पना नवी असते, शेवटी मारामारी असते, मध्ये सगळे एका खोलीत बसून आपापलं बालपण सांगतात, कारण खोली फुकट आहे. आणि गर्दी! संवादात म्हणतात शहर संपलं, हजारो आहेत, आणि खिडकीबाहेर तेच बारा जण, त्यातला चौकटीचा शर्टवाला तर तिसऱ्यांदा मरतोय. बरं बारा आहेत तर बाराचीच गोष्ट लिहा की, एक घर, एक रात्र, बारा मेलेले, त्यातले दोन ओळखीचे. पण नाही, सगळ्यांना जग बुडवायचंय. बायकांची पात्रं तर बहुतेक वेळा किंचाळायला किंवा पहिल्या वीस मिनिटांत चावून घ्यायलाच असतात, याला बजेटचं कारण देता येत नाही, कागदावर चांगलं पात्र लिहायला पैसे लागत नाहीत.

तरीही रविवारी दुपारी पर्याय दिला तर मी बारा एक्स्ट्रावाला, आवाज फाटलेला गरीब पिक्चरच लावीन, कारण त्यात निदान एखादा तरी सीन असा निघतो की कुणीतरी रात्री तीन वाजता जीव तोडून केलाय हे दिसतं. सोंगी पिक्चर दहा मिनिटांच्या वर मला जात नाही, क्लिप ठीक आहे.

आणि 'वन कट' लावणार असाल तर फोन लांब ठेवा आणि ३७ मिनिटं दात ओठ खाऊन काढा. त्याआधी बंद करून मला "भंगार होता रे" असं सांगायला येऊ नका.