‘अटिपिकल’ छातीदुखी: एका शब्दाची पूर्वपीठिका

2021 साली अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी छातीदुखीबद्दल नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि ‘अटिपिकल’, म्हणजे नेहमीच्या नमुन्यात न बसणारं, हा शब्द वापरू नका, असं त्यात सरळ सांगून टाकलं. त्याऐवजी हृदयाचं, हृदयाचं असू शकेल असं आणि हृदयाचं नसलेलं, अशी तीन खाती केली. बायकांचं दुखणं डॉक्टर हलक्यात घेतात, या तक्रारीचा बराचसा इतिहास या एका शब्दात अडकलेला आहे.

मुळात शब्द निरुपद्रवी होता. छातीच्या मधोमध दुखतं, श्रमाने किंवा मनावरच्या ताणाने उमटतं, विसाव्याने किंवा जिभेखालच्या गोळीने थांबतं: तिन्ही खुणा जुळल्या तर ‘टिपिकल’, दोन जुळल्या तर ‘अटिपिकल’, त्याहून कमी असतील तर हृदयाचं नाही. म्हणजे ‘अटिपिकल’ रुग्णातही तीनपैकी दोन खुणा होत्याच. 1979 साली या वर्गवारीला वय आणि लिंगाची जोड देऊन एक तक्ता छापून आला, आणि डॉक्टरांच्या पुढच्या पिढ्या त्याच्यावर वाढल्या. चाळिशीतल्या पुरुषाला ‘अटिपिकल’ दुखत असेल तर हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा असण्याची शक्यता सुमारे 46 टक्के. तीच तक्रार घेऊन आलेल्या त्याच वयाच्या बाईची सुमारे 13. आकडे काही कुणी द्वेषाने रचलेले नव्हते. त्या वयात मोठ्या वाहिन्यांतला अडथळा बायकांत कमीच आढळतो. पण तक्ता मोजत होता तेवढंच. बारीक रक्तवाहिन्यांनी दगा दिला तर अँजिओग्राफी ‘नॉर्मल’ येते आणि दुखणं तसंच राहतं. हा प्रकार बायकांत जास्त.

पुढे बोलण्यात त्या 13 टक्क्यांचे शून्य टक्के झाले. ‘अटिपिकल’ म्हणजे ‘हृदयाचं नाही’ असं धरलं जाऊ लागलं, आणि ‘बायकांची लक्षणं अटिपिकल असतात’ हे वाक्य त्याला चिकटलं. यातला गोंधळ असा, की झटका आलेल्या बहुतेक बायकांच्या छातीतही दुखतंच. फक्त त्याच्या जोडीला मळमळ, धाप, जबड्यात किंवा पाठीत कळ असं बरंच काही असतं. मराठीत तर आणखी पंचाईत. ‘जीव घाबरा होतो’ असं बाई सांगते ती शरीराची तक्रार. केसपेपरवर तिची ‘अँक्झायटी’ व्हायला कितीसा वेळ लागतो? दुखणं अंगावर काढल्याबद्दल बोलणी खायची ती पुन्हा तिनेच.

झटका आलेल्या 55 वर्षांपर्यंतच्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. झटक्याआधी तशाच त्रासासाठी डॉक्टरकडे जाऊन आलेल्यांपैकी 53 टक्के बायका म्हणाल्या, हे हृदयाचं नाही असं डॉक्टरांना वाटलं होतं. पुरुषांत हे प्रमाण 37 टक्के.

हिस्टेरियाच्या, म्हणजे बायकांचं दुखणं मनाचे खेळ ठरवण्याच्या, जुन्या कथा सर्वांना ठाऊक आहेत, त्यात शिरत नाही. त्यापेक्षा 1977 महत्त्वाचं. थॅलिडोमाइड या गरोदरपणात घेतल्यास बाळात व्यंग आणणाऱ्या औषधाच्या धसक्याने अमेरिकेच्या औषध नियामकाने गर्भधारणा होऊ शकेल अशा बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. हेतू रक्षणाचा होता, झालं असं की पुरुषाचं शरीर हेच माप ठरलं. हृदयविकार टाळायला ॲस्पिरिन किती उपयोगी, हे तिथे 1980च्या दशकात 22,071 डॉक्टरांवर तपासायला घेतलं; सगळे पुरुष. 1991 साली एका हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी ‘येंटल सिंड्रोम’ हे नाव रूढ केलं: बाईने आधी आपला आजार पुरुषासारखाच असल्याचं सिद्ध करावं, मग तिला पुरुषासारखे उपचार. येंटल म्हणजे शिकायला मिळावं म्हणून मुलाचा वेश घेणारी कथेतली मुलगी. 1977चा निर्बंध 1993 साली उठला.

बाई डॉक्टर असली म्हणजे प्रश्न सुटतो, असं अनेकांना वाटतं. 2024 साली इस्रायल आणि अमेरिकेतल्या तातडीच्या विभागांतल्या नोंदी तपासल्या गेल्या. वेदना घेऊन आलेल्या बायकांना वेदनाशामक लिहून मिळण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा कमी निघालं, डॉक्टर बाई असो वा बुवा. दुखणं शून्य ते दहात किती, हा आकडाही परिचारिकांनी बायकांच्या कागदावर कमी वेळा लिहिलेला होता.