बरणीला खार फुटतो तेव्हा

भांडी बाजार, तांबट लेन या नावांवरूनच कळतं की जुनं नाशिक तांब्या-पितळेचं. आमच्या घरातल्या सवयीही त्याच वळणाच्या. पातेलं पडलं तर फार तर पोचा येतो आणि तो ठोकून काढता येतो. कल्हई उडाली तर पुन्हा लावून मिळते. अलीकडे मात्र मिसळीचे वाडगे, मोठे मग, जेवणाच्या थाळ्या स्टोनवेअरच्या येऊ लागल्या आणि धातूची ही सवय अंगाशी येऊ लागली.

तसं स्टोनवेअर आपल्याला परकं नाही. वर तपकिरी, खाली पांढरट अशी लोणच्याची बरणी स्टोनवेअरचीच. आपण सरसकट ‘चिनी माती’ म्हणतो, इतकंच. कुंभाराचा माठ हजार अंश सेल्सिअसच्याही खाली भाजलेला असतो, म्हणून तो पाझरतो आणि पाणी गार ठेवतो. स्टोनवेअर साधारण १२०० ते १३०० अंशांना भाजतात. तेवढ्या आचेला मातीतलं फेल्डस्पार नावाचं खनिज वितळतं, कणांमधल्या फटींत शिरतं आणि निवताना तिथेच काच होऊन बसतं. भांडं जवळजवळ दगड होतं.

त्यावरची झिलई हीसुद्धा काचच. भांड्याला घातलेला काचेचा अंगरखा म्हणा. भट्टी निवताना भांडं आणि झिलई दोन्ही आकसतात, पण सारख्या प्रमाणात नाही. झिलई किंचित कमी आकसली तर ती दाबाखाली राहते, आणि ते उत्तम, कारण काच दाब भरपूर सोसते. तीच जास्त आकसली तर अंगरखा तोकडा पडतो आणि उसवतो. झिलईवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटतात. कधी त्या भट्टीतून निघतानाच असतात, कधी वर्षानुवर्षं ओल शोषून भांडं सूक्ष्म फुगलं की नंतर येतात. त्यांत हळद आणि तेल शिरलं की जाळी पिवळी दिसू लागते. अशा वाडग्यात सुका चिवडा खुशाल ठेवावा, रस्सा नको.

आता रश्श्याचंच बोलू. जानेवारीतली सकाळ, निफाडकडून येणारी बोचरी थंडी, ओट्यावरचा वाडगा दहा-बारा अंशांवर. त्यात उकळता रस्सा ओतला. तांब्याच्या तुलनेत स्टोनवेअरमधून उष्णता सुमारे दोनशे पट मंद जाते. सहा मिलिमीटर जाडीच्या भिंतीतून ती पलीकडे पोचायला अर्ध्या मिनिटापासून मिनिटभर लागतं. तेवढ्या वेळात आतली बाजू तापून पसरू पाहते आणि बाहेरची गारच असते. बारा सेंटिमीटरचा वाडगा ऐंशी अंशांनी तापला तर फक्त केसाच्या जाडीएवढा वाढतो. धातूला हे काहीच वाटत नाही, तो जरा वाकून घेतो. स्टोनवेअरला वाकता येत नाही. बाहेरची बाजू ताणली जाते, आणि ताण हेच तिचं दुखणं. आमचा निळा वाडगा असाच गेला. ओतताना काही झालं नाही. टेबलावर ठेवल्यावर ‘टक्’ आवाज आला आणि तर्री चादरीवर.

उपाय अगदी साधा आहे. वाडगे आधी कोमट पाण्यातून काढून घ्यायचे. उलटी चूक मात्र जास्त महागात पडते. ओव्हनमधून काढलेलं भांडं ओल्या ओट्यावर ठेवणं किंवा नळाखाली धरणं. तेव्हा पृष्ठभागच आकसतो, म्हणजे थेट झिलईवर ताण येतो, आणि बारीकसारीक ओरखडे सगळे तिथेच असतात. लाकडी पाट किंवा जाड फडकं पुरतं. गॅसच्या आचेवर तर स्टोनवेअर ठेवूच नये; मधोमध वणवा आणि काठ गार, ही फुटण्याची हमखास रीत.

ओरखडा इतका महत्त्वाचा का? इंग्लंडमधले अभियंते ग्रिफिथ यांनी १९२१ साली काचेवरच्या कामातून दाखवलं, की ठिसूळ वस्तूत सगळा ताण चिरेच्या टोकाशी एकवटतो. त्यात पाण्याची भर. चिरेच्या टोकाशी ताणलेले सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध पाण्याचे रेणू हळूहळू तोडत राहतात. म्हणून महिनोन्महिने नीट वापरलेली बशी एक दिवस कुणी हातही न लावता दुभंगते, आणि घरात उगीच कुणाच्या तरी नावाने शंख होतो.

ही चीर डोळ्यांना दिसत नाही, कानांना कळते. मडकं वाजवून घेतो तसं भांडं तळहातावर धरून बोटाच्या पेराने ठोकावं. खणखणीत वाजलं तर उत्तम. बद्द आवाज आला तर आत चीर आहे; तिच्या कडा एकमेकींवर घासतात आणि कंपनं तिथेच जिरतात.

डागांचं शास्त्र त्यामानाने सोपं. चमच्याच्या करड्या रेघांना आपण ओरखडे समजतो, पण बहुतेक वेळा तो झिलईवर घासून राहिलेला धातू असतो. खाण्याच्या सोड्याची ओलसर लगदी किंवा लिंबू चोळलं की निघतो. तारेची घासणी मात्र नको, ती झिलईच खरवडते. चहाचा थरही सोड्याने जातो. हळद ही गंमत आहे. साबण लागला की ती लाल होते (कुंकू करण्याची जुनी युक्ती हीच), आणि आपण घाबरून आणखी साबण लावतो. धुऊन उन्हात ठेवा. तिचं रंगद्रव्य, कर्क्युमिन, उजेडात टिकत नाही.

तळाची झिलई नसलेली कडा खरखरीत असते. थाळ्या एकावर एक रचल्या की वरच्या थाळीची कडा खालच्या थाळीला ओरबाडते. मध्ये कागद घालावा, किंवा कडेवरून पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर फिरवावा. पाणीही याच कडेतून शिरतं, म्हणून भांडी पालथी घालून पूर्ण वाळवावीत. मायक्रोवेव्हमध्ये डाळ कोमट आणि वाटी चटका देणारी, असं झालं तर त्या वाटीत पाणी मुरलेलं आहे असं समजा.

आता आजीची बरणी. दादरा बांधून वर्षाचं लोणचं मुरवणारी ती बरणी एका उन्हाळ्यात बाहेरून पांढरी दिसू लागली. आजी म्हणाली, “खार फुटला गं हिला.” आतल्या झिलईला चीर गेली होती. तिच्यातून खारं पाणी भिंतीत झिरपलं, बाहेर येऊन वाळलं आणि मिठाचे स्फटिक मागे राहिले. स्फटिक वाढताना आतून रेटा देतात, झिलईचे टवके उडवतात. लोणचं तिच्यातून निघालं, लसूण आला. चार वर्षं झाली, दोनदा उकळत्या पाण्यात आणि कितीदा तरी साध्या पाण्यात भिजवून पाहिली. आषाढात हवेतली ओल ओढून तिची भिंत अजून पाझरते, आणि दिवाळीनंतर पुन्हा पांढरी होते.