गाडी गरम होते? आधी ‘केव्हा’ ते पाहा
(जुन्या मारुती ८००, ओम्नी आणि तशाच लहान पेट्रोल गाड्यांच्या मालकांसाठी)

मारुती ८००चे उत्पादन २०१४ साली थांबले. म्हणजे रस्त्यावरच्या सर्वांत ‘नव्या’ ८००चीही दहा वर्षे उलटून गेली. तरी ‘जुनी झाली, आता गरम होणारच’ हे आम्हा गॅरेजवाल्यांना पटत नाही. पाण्याची व्यवस्था धड असेल तर हीच गाडी भर मे महिन्यात चार माणसे घेऊन खंबाटकी चढते आणि तापमानाचा काटा मध्याच्या फारसा पुढे जात नाही. काटा चढतो तेव्हा कुठे तरी ठरावीक बिघाड असतो, आणि गाडी नेमकी केव्हा गरम होते यावरून तो निम्मा कळतो.

सिग्नलला चढतो, चालताना उतरतो

दोष बहुधा पंख्याचा. गाडी पळते तेव्हा वारा रेडिएटर (इंजिनाचे पाणी थंड करणारी पुढची जाळी) थंड ठेवतो, उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. इंजिन थंड असताना चावी ऑन करा, पंख्याच्या थर्मो स्विचचा (पाणी तापले की पंखा सुरू करणारा स्विच) दोन वायरींचा कनेक्टर काढा आणि त्याची दोन टोके वायरच्या तुकड्याने जोडा. पंखा फिरला तर स्विच गेला आहे. नाही फिरला तर फ्यूज, मग रिले (पंख्याचा करंट चालू-बंद करणारी छोटी डबी), आणि शेवटी मोटरला थेट बॅटरीचा करंट देऊन बघायचे. मोटर अडखळत सुरू होत असेल तर तिचे कार्बन झिजले आहेत. पंख्याजवळ हात मात्र कधीच घालू नका.

पंखा चावीवर ‘डायरेक्ट’ करून घेण्याची पद्धत फार आहे. रस्त्यात अडकलात तर घरी पोचण्यापुरती ठीक. कायमची ठेवली तर मोटर लवकर झिजते, अल्टरनेटरवर विनाकारण लोड राहतो आणि मूळ दोष झाकला जातो.

हायवेला किंवा घाटात चढतो, उभी असताना ठीक

इथे पाणी पुरेसे फिरत नाही किंवा रेडिएटर उष्णता बाहेर टाकत नाही. एसी असलेल्या गाडीत कंडेन्सर (एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामध्ये चिखल, किडे आणि धूळ यांचा नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून तो दिसतही नाही. तो इंजिनाच्या बाजूने बाहेर, साध्या पाइपच्या धारेने धुवायचा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) वाकतात आणि उरलीसुरली वाटही बंद होते.

आतून चोक झालेला रेडिएटर हाताला कळतो. गाडी गरम करून बंद करा, पंख्याचा कनेक्टर काढा (काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा फिरतो) आणि जाळीवरून हात हळू फिरवा. मध्येच थंड पट्टे लागले तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करता येते. अॅल्युमिनियमचा, प्लास्टिक टाकीचा असेल तर बदललेलाच बरा.

याशिवाय खालचा होज पाइप बघायचा. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. रबर मऊ पडले की रेस वाढवताच तो चपटा होतो. वॉटर पंपाच्या छोट्या भोकातून थेंब येत असतील तर पंपाचे सील गेले. फॅन बेल्ट सैल असेल तरी पंप पुरेसा फिरत नाही.

सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच चढतो

वरचा होज पाइप हाताने बघा. काटा वर आणि पाइप गार, म्हणजे थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह (पाणी तापले की ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडत नाही. काढून पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह तापवा. व्हॉल्व्हवर कोरलेल्या तापमानाला, साधारण ८२ अंशांना, तो उघडू लागला पाहिजे. नसेल तर नवा घाला. ‘आपल्याकडे गरम हवा, व्हॉल्व्ह कशाला’ म्हणून काढून टाकू नका. इंजिन नीट तापले नाही तर पेट्रोल जास्त जाते आणि सिलिंडर लवकर झिजतो. काही इंजिनांत तर व्हॉल्व्ह नसला की बरेच पाणी बायपासने रेडिएटर टाळून फिरते, म्हणजे गाडी आणखी गरम.

कॅप आणि पाणी

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे रेडिएटरची कॅप. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. ०.९च्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळते. रबर कडक झाले की दाब टिकत नाही आणि १०० अंशांनाच उकळी फुटते. कॅपला उलट दिशेचा एक छोटा व्हॉल्व्हही असतो, तो थंड होताना रिझर्व्ह टाकीतले पाणी परत ओढून घेतो. सकाळी वरचा होज पिचकलेला दिसला तर तो व्हॉल्व्ह अडकला आहे. नवी कॅप घेताना आकडा जुळवून घ्या, जास्तीचा नको.

बोअरचे पाणी भरत असाल तर आजच थांबवा. चहाच्या भांड्यात बसतो तोच पांढरा थर इंजिनात बसतो, आणि तिथे घासायला कोणी जात नाही. कूलंट आणि बॅटरीचे पाणी निम्मे-निम्मे घाला. तयार मिश्रणाचा कॅन असेल तर त्यात पाणी घालायचे नाही. रंग म्हणजे दर्जा नव्हे. दोन प्रकारचे कूलंट एकत्र करू नका. सुमारे दोन वर्षांनी बदला. जुने अंगणात ओतू नका: ते चवीला गोड आणि विषारी असते, कुत्री-मांजरे चाटतात.

भरताना हीटर गरमवर ठेवा, कॅप उघडी ठेवून इंजिन आयडलवर चालवा. वरचा होज गरम होऊन बुडबुडे थांबेपर्यंत थोडे थोडे भरत राहा. हवा आत अडकली तर सेन्सरला पाणी लागत नाही आणि इंजिन उकळत असतानाही काटा खाली दिसतो. म्हणून चढलेला काटा अचानक खाली पडला तर खूश होऊ नका.

सीएनजी किट असेल तर रिड्यूसरकडे (गॅसचा दाब कमी करणारा भाग) जाणारे दोन पातळ होज आणि त्यांच्या क्लिपा तपासा. रिड्यूसरवर बर्फ धरत असेल तर त्याला गरम पाणी मिळत नाही, म्हणजे पाणी कमी आहे, एअर लॉक आहे किंवा होज चोक आहे.

गाडी ‘पाणी खाते’

खाली थेंब नाही, तरी दर आठवड्याला पाणी कमी. इंजिन गरम झाल्यावरही एक्झॉस्टमधून पांढरा धूर, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल, ही हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधले पॅकिंग) गेल्याची लक्षणे. (फक्त ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा थर असेल तर घाबरू नका. पावसाळ्यात जवळच्या फेऱ्यांनी तो येतो.) हेड उघडले की त्याची सपाटी सरळपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) तपासलीच पाहिजे. लहान इंजिनांत ०.०५ मिमीची फटही पुरते. हेड बेंड असताना नुसते गॅस्केट बदलले तर थोड्याच दिवसांत तेच काम पुन्हा निघते. बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना) आवळायचे. ‘लीक बंद करणारी’ पावडर हीटर आणि रेडिएटर बुजवते. आम्ही ती घालत नाही.

रस्त्यात काटा चढला तर

एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण. पायांना भट्टी जाणवेल, पण तो एक छोटा रेडिएटरच आहे. वाफ दिसली किंवा काटा लाल पट्ट्यात गेला की कडेला घेऊन इंजिन बंद. कॅपला हात लावायचा नाही, किमान पाऊण तास. त्यानंतरही जाड फडके ठेवून कॅप थोडीशीच फिरवा, दाब निघू द्या. गरम इंजिनावर गार पाणी ओतले तर अॅल्युमिनियमचे हेड वाकते किंवा तडकते. ‘अजून दोनच किलोमीटर’ चालवल्याने होजचे काम हेडच्या कामात बदलते.

गाडी आमच्याकडे शक्यतो सकाळी, थंड असताना आणा. येण्याआधी कूलंट बदलू नका, गळतीचे डाग पुसू नका. आदल्या आठवड्यात किती पाणी घातले आणि काटा कुठल्या रस्त्यावर चढला हे कागदावर लिहून आणलेत तर तपासणीचा बराच वेळ वाचतो.