तापाचा आठवडी हिशेब आणि कोकण

पावसाळ्यात दवाखान्यात येणाऱ्या तापाच्या रुग्णांची आठवड्याला मोजदाद करण्याची पद्धत आज कोकणात रुळलेली असली, तरी तिचे टप्पे बहुतेक उशिरा कळलेल्या साथींनीच ठरवले आहेत. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि त्यानंतर घाबरून शहर सोडणाऱ्यांत रत्नागिरीकडचे गिरणी कामगारही होते. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला प्रवासी व जहाजे तपासण्याचे अधिकार दिले. पण ही बंदरावरची अडवणूक होती, गावात ताप वाढतो आहे का हे त्यातून कळत नव्हते.

त्यासाठी जवळपास शंभर वर्षे जावी लागली. १९९४ मध्ये सुरतेला प्लेगने पुन्हा गाठल्यावर १९९७ मध्ये राष्ट्रीय पातळीवर संसर्गजन्य रोगांच्या पाळतीचा कार्यक्रम आला आणि नोव्हेंबर २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. त्यात सोमवार ते रविवार असा आठवडा धरून तीन फॉर्म भरले जात: ‘एस’ उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेचा, ‘पी’ डॉक्टरांच्या अंदाजी निदानाचा, ‘एल’ प्रयोगशाळेचा. आरोग्यसेविकेच्या फॉर्मवर रोगाचे नाव नसे; सात दिवसांहून कमी ताप, तापाबरोबर पुरळ, रक्तस्राव किंवा झटके, कावीळ, जुलाब असे रकाने असत.

माझ्या मते यातला ‘पी’ फॉर्म कोकणाला सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचे कारण लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा उंदरांमुळे पसरणारा ताप. चिखलणी-लावणीत दिवसभर उभे राहून पायाच्या बोटांच्या बेचक्या कुजतात, उंदराच्या मुताने दूषित झालेले पाणी त्या भेगांतून अंगात जाते, आणि पोटऱ्या ठणकत ताप चढतो. प्रतिपिंडांची चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत बहुधा काहीच दाखवत नाही, तर उपचार लगेच हवेत, म्हणजे मोजायचा तो डॉक्टरांचा संशयच. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा चाकरमान्यांच्या घरोघरी हे नाव पोहोचले. सिंधुदुर्गात पुढे २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची भर पडली. गोचिडीमुळे होणारा हा ताप काजूच्या हंगामातला, त्यामुळे पाळतीचा मोसम पावसाळ्यापुरता उरला नाही.

रुग्णांनी डॉक्टरांकडे दिलेल्या तातडीच्या भेटींवरून साथ ओळखण्याची कल्पना मात्र फ्रान्समध्ये अधिक नेटाने राबवली गेली. तिथे ऑगस्ट २००३ च्या उष्णतेच्या लाटेत सुमारे १५,००० माणसे दगावली आणि यंत्रणेला ते वेळेत उमगले नाही. २००४ पासून रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतील नोंदी, आणि पुढे ‘एसओएस मेदसँ’ या, १९६६ पासूनच घरी जाऊन रुग्ण तपासत आलेल्या डॉक्टरांच्या जाळ्यातील नोंदीही, एकत्र होऊ लागल्या. फ्लू किंवा लहान मुलांच्या छातीचे विकार वाढले की आठवड्याच्या अहवालात ते दिसते.

आपल्याकडे २०२१ पासून एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर रोजच्या रोज नोंद अपेक्षित आहे. परंतु रात्री अकराला खासगी डॉक्टरांना उठवून घेतलेले इंजेक्शन कोणत्या रकान्यात जाते, हा प्रश्न शिल्लक राहतो. शिवाय सावंतवाडी-दोडामार्गचा अत्यवस्थ रुग्ण ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाऐवजी अनेकदा थेट बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात नेला जातो, म्हणजे ताप सिंधुदुर्गातला आणि पहिली नोंद गोव्यातली.