नवीन सेल्समन स्लो आहे की चुकीचाच घेतलाय?

छोट्या धंद्यात नवीन सेल्समन ठेवला की दोन-तीन महिन्यांनी मालक टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) उघडतो आणि सेलचा आकडा बघून ठरवतो, हा चालतोय, हा चालत नाहीये. इथेच गडबड होते, कारण सुरुवातीला बरेचदा चुकीच्या माणसाचाच आकडा मोठा असतो.

मसाल्याचा धंदा घ्या. एकजण किराणावाल्याला "काका, नाही खपला तर परत घेऊ, पैशांचं नंतर बघू" असं तोंडी सांगून पाच बॉक्स उतरवतो, बिल फाटतं, टार्गेट होतं, इन्सेंटिव्ह पण घेऊन जातो. दुसरा त्याच लाइनला, म्हणजे दुकानांच्या त्याच फेरीला, एकच डझन पाकिटं देतो, पंधरा दिवसांनी परत जातो, आठ खपलेली असतात, तेवढ्याचे पैसे घेतो आणि अजून एक डझन लिहून आणतो. महिनाअखेरीला दुसराच नापास वाटतो, आणि माझ्या मते ठेवायचा तोच आहे. त्यामुळे पार्टीवाइज लेजर, म्हणजे प्रत्येक दुकानदाराचं वेगळं खातं, काढा, रिपीट ऑर्डर किती आणि कलेक्शन किती ते बघा, आणि एक दिवस स्वतः त्याच्यासोबत लाइनला फिरा, दुकानदार त्याला नावाने हाक मारतो की तोंड फिरवतो ते लगेच कळतं.

स्लो असेल तर त्याचा एरिया लहान करा, रेट आणि स्कीम लिहून द्या, इन्सेंटिव्ह बिलावर नको, वसुलीवर द्या. अजून काही महिने द्यायला हरकत नाही.

चुकीचा असेल तर प्रोबेशनमध्येच समोर बसवून स्पष्ट सांगा, कंटाळून आपणहून जाईल म्हणून पगार लटकवणं फार वाईट, त्याचंही घर असतं. पण त्याआधी प्रत्येक पार्टीकडून बाकी किती, शिल्लक माल किती आणि तोंडी काय कबूल केलं होतं हे सही घेऊन लिहून घ्या, नाहीतर तो गेल्यावर प्रत्येक दुकानदार वेगळीच स्कीम सांगणार. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) पण लगेच करा, जीएसटी कमी करून घ्यायचा तर विक्रीचं आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंतच मुदत असते. आणि त्याचा राहिलेला पगार उधारी येईपर्यंत अडवू नका, नवीन वेतन संहितेप्रमाणे काढल्यापासून कामाच्या 2 दिवसांत तो द्यावा लागतो.