सांगलीतली दारे: सागवानापासून ग्रॅनाइटच्या चौकटीपर्यंत

सांगलीच्या गावभागात, मारुती रोडला किंवा नदीपलीकडे सांगलवाडीत तळमजल्याचे घर असेल, तर नवे दार करायला आलेला सुतार आधी विचारतो, पुराचे पाणी घरात कुठवर आले होते? भिंतीवरची ती खूण पाहून मग तो लाकूड, प्लाय की आणखी काही, हे बोलायला लागतो. २००५ च्या आधी ही चौकशी फारशी कुणी करत नसे. दाराचे बोलणे सुरू व्हायचे ते सागापासून आणि बहुतेक वेळा तिथेच संपायचे.

जुन्या वाड्यांबद्दल इथे थोडक्यात सांगतो. वाई, मेणवली, सातारा इकडचे वाडे पाहिलेल्यांना ती दारे ठाऊक आहेत: जाड सागवानी फळ्या, आतून अडसर, मोठ्या दारात माणसापुरती दिंडी आणि खाली दगडी उंबरा. १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळे होऊन सांगली राजधानी झाली, तेव्हा इथेही तशीच घरे उभी राहिली. सागाचा मान उगाच नव्हता. त्यातल्या तेलामुळे गाभ्याच्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही आणि पावसाळा-उन्हाळ्यात ते इतर लाकडांच्या मानाने कमी फुगते, कमी आकसते. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाला वाळवीपासूनचे हे संरक्षण नसते. वखारीत हा फरक आजही झाकला जातो, म्हणून पॉलिश होण्याआधी माल पाहावा.

खरी उलथापालथ झाली ती नव्वदीच्या दशकात. १९९३ साली केंद्र सरकारच्या बांधकामांत लाकूड वापरायला बंदी आली. ती २०२० पर्यंत राहिली. १२ डिसेंबर १९९६ च्या न्यायालयीन आदेशाने देशभरच्या जंगलतोडीला लगाम घातला आणि ईशान्येकडच्या राज्यांतून लाकूड बाहेर नेणेच थांबवले. प्लायचा मोठा कच्चा माल तिथूनच येई. त्यानंतर पॉप्लर, निलगिरी, रबराची झाडे यांवर प्लायचा धंदा उभा राहिला आणि आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या लागवडीचा साग वखारीत दिसू लागला. २०१४ मध्ये म्यानमारने सागाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. त्यानंतरही दुकानात ‘बर्मा’ म्हणून साग मिळतोच. तो कुठला, कधीचा, हे गिऱ्हाइकाने विचारायलाच हवे.

याच काळात फ्लश डोअर, म्हणजे दोन्ही अंगांनी प्लाय चिकटवलेले सपाट दार, घरोघरी आले, त्याबद्दल पुष्कळ बोलले गेले. त्याच वेळी घराघरांतून उंबरा निघून गेला, त्याबद्दल मात्र कुणी फार बोलले नाही.

त्याआधी चौकट चार बाजूंची असे. जोत्यापर्यंत काम आले की चौकट उभी करायची, हळद-कुंकू लावून, आंब्याची डहाळी बांधून पूजा करायची आणि मग तिच्या दोन्ही अंगांनी भिंत चढवायची. भिंतीकडच्या बाजूला डांबर फासलेले असे आणि होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, विटांच्या थरात पक्के बसत. उभ्या बाह्या खाली उंबऱ्यात खाच पाडून बसवलेल्या असत, त्यामुळे चारही कोपरे काटकोनात राहत. मोठ्या फरशा आल्या आणि घरभर सलग जमीन हवी, अशी हौस निघाली. आधी खोल्यांचे उंबरे गेले, मग अपार्टमेंटमध्ये मुख्य दाराचाही गेला. साडेतीन बाय सात फुटांच्या चौकटीला चार बाजू धरल्या तर २१ फूट लाकूड लागते, तीन बाजूंना साडेसतरा. म्हणजे दर चौकटीमागे सहावा हिस्सा वाचतो. बांधणाऱ्याला हा हिशेब आवडला नसता तरच नवल.

उंबऱ्याविरुद्धचे मुद्दे खोटे नाहीत. म्हातारी माणसे अडखळतात, चाकांची खुर्ची अडते, आणि लाकडी उंबरा रोजच्या पुसण्याच्या पाण्याने सगळ्यात आधी कुजतो. पण त्यावर दगडी उंबरा हा उपाय आपल्याकडे शतकानुशतके होता, आणि कमी उंचीचा, दोन्हीकडे उतार दिलेला उंबरा आजही करता येतो. उंबरा काढल्यावर बाह्या थेट फरशीखालच्या ओल्या मालात रुतल्या. लाकूड पाणी सर्वात जास्त ओढते ते कापलेल्या टोकातून, आणि नेमके तेच टोक, बिनरंगाचे, जमिनीत गाडले गेले. खाली बांधून ठेवणारे काही नसल्याने बाह्या फाकतात, मग दार घासते, कडी कोयंड्यात बसत नाही. माझ्या मते हा निर्णय घाईचा होता आणि त्याची किंमत घरमालकाने मोजली. नव्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर किती तरी घरांत दारात संगमरवराची पट्टी चिकटवून घेतली गेली. हळद-कुंकवाला, रांगोळीला, नव्या सुनेला माप ओलांडायला जागा हवी होती. चौकटीला मात्र त्या पट्टीचा काहीच आधार नाही.

मग पूर आले. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेले, ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ च्या वर, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा घरांत शिरले. घरे कित्येक दिवस पाण्यात उभी होती. ज्याचे थर युरियाच्या डिंकाने चिकटवलेले होते, ते फ्लश डोअर फुगून त्याचे पापुद्रे सुटले. फिनॉलच्या डिंकाचे बरेच तगले. मरीन प्लायची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात घेतात, तो हाच डिंक. सागाची भरीव दारे फुगली आणि वाळल्यावर बरीचशी जागेवर आली. ज्यांनी पाणी ओसरताच घाईने रंधा मारून घेतला, त्यांच्या दाराला उन्हाळ्यात फट पडली. चौकटींचे दुखणे उशिरा कळले. बाहीला वरून रंग चकचकीत दिसायचा, पण फरशीपासून चार बोटांवर स्क्रू ड्रायव्हर टेकवला की तो मुठीपर्यंत आत जायचा आणि भुसा बाहेर यायचा.

त्यानंतर पूरपट्ट्यात ग्रॅनाइटच्या, लोखंडी आणि डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाच्या) चौकटी वाढल्या. ग्रॅनाइट कुजत नाही, पण बिजागरीचे भोक कडेला घेतले तर कपची उडते आणि पुन्हा भोक पाडायला जागा उरत नाही. पत्र्याच्या पोकळ चौकटीत काँक्रीट भरले नाही तर आत पाणी साचून ती आतूनच गंजते. डब्ल्यूपीसीत स्क्रू किती धरेल हे घनतेवर असते, म्हणून हलका माल घेऊन त्यावर सागाचे जड दार टांगू नये.

ज्यांना लाकडी चौकट ठेवायची आहे, ते आता बाहीचा कुजका खालचा फूटभर भाग कापून तिथे जुन्या सागाचा जोड देतात किंवा खाली दगडाचा ठोकळा बसवतात. जोडाच्या कापलेल्या टोकाला आधी रंगाचे दोन हात द्यावे लागतात. दाराच्या खालच्या कडेलाही तसेच. ती कड रंगारी हमखास विसरतात, कारण दार टांगल्यावर तिथे ब्रश पोचत नाही. दार बिजागरीतून काढून, आडवे ठेवूनच ते काम करून घ्यावे.